गचका न देता गिअर

टायरमधल्या हवेबद्दल लिहिलं, तेव्हा दोन-तीन तरुण वाचकांनी एकच प्रश्न विचारला होता: "लायसन्स मिळालं, गाडी आता बंद पडत नाही, पण गिअर बदलला की आतले सगळे मानेतून हलतात. काय चुकतंय?"

हा प्रश्न माझ्या चांगला ओळखीचा आहे. तीन वर्षांपूर्वी आज्जी घरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि तिला दवाखान्यातून घरी आणायचं काम माझ्याकडे आलं. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून तिला बसवलं, काका मागे बसले. सावकाश चालवलं की झालं, असं मला वाटलं. खड्डे चुकवले, तीसच्या वर गेलो नाही. तरी टिळकवाडीत पोचेपर्यंत आज्जी एक शब्द बोलली नाही. एरवी गाडीत बसली की तिची टकळी सुरू असते. त्या दिवशी डोळे मिटलेले आणि दारावरचं हँडल घट्ट धरलेलं.

तिला घरात नेऊन निजवल्यावर काका हळूच म्हणाले, "खड्ड्यांनी त्रास नाही रे झाला तिला. दर गिअरला तू गचका देत होतास की."

काकांनी वीस वर्षं ट्रक चालवलाय. वाद घालायला जागा नव्हती. सहा आठवड्यांनी आज्जीला तपासणीसाठी पुन्हा न्यायचं होतं. तेवढ्या वेळात शिकायचं ठरवलं.

आधी गचका का बसतो ते बघू. प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे यांचं प्रमाण ठरलेलं असतं. छोट्या गाडीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण ३.५ आणि दुसऱ्याचं १.९ असतं. म्हणजे पहिल्यात इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये ते १३५० च्या आसपास फिरायला हवं. फेरे उतरायच्या आत क्लच सोडला, तर इंजिनातला जादा जोर चाकांवर येतो आणि गाडी पुढे उसळते. उलट फार रेंगाळलात, तर इंजिन पार मंदावतं, चाकांना ते ओढून वर आणावं लागतं आणि ब्रेक दाबल्यासारखी मान पुढे जाते. इंजिनाचे फेरे जिथे असायला हवेत तिथे पोचतात, त्याच क्षणी क्लच जुळला तर काहीच जाणवत नाही.

यातून एक गोष्ट निघते, जी मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी सांगितली नव्हती. चौथ्याचं गुणोत्तर ०.९५ आणि पाचव्याचं ०.७५ धरलं, तर २५०० वरून फक्त १९७५ पर्यंत उतरायचं असतं. म्हणजे जितका वरचा गिअर, तितकी कमी वाट बघायची. सगळ्यात जास्त थांबायचं ते पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना. मी नेमकी तिथेच सगळ्यात जास्त घाई करत होतो, कारण मागून हॉर्न वाजत असायचे.

काकांची शाळा रविवारी सकाळी सहाला, काँग्रेस रोडवर. पहिला हुकूम: गाणी बंद, कान उघडे.

अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलणं आणि क्लच पूर्ण दाबणं एकाच वेळी व्हायला हवं. अ‍ॅक्सिलरेटर उशिरा सुटला तर इंजिन किंचाळतं, आणि ते जादा फेरे उतरेपर्यंत ताटकळावं लागतं.

मग लिव्हर. मूठ आवळायची नाही, तळवा टेकवायचा. न्यूट्रलमध्ये क्षणभर विसावा द्यायचा, मग हलका दाब. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश असतो. त्यातली कडी, बहुधा पितळी, घर्षणाने दोन्ही भागांचा वेग एकसारखा करते आणि मगच गिअर आत जातो. कॅडिलॅकने १९२८ मध्ये ही सोय गाड्यांमध्ये आणली. ती नसलेल्या जुन्या ट्रकांवर काकांच्या पिढीने डबल क्लच मारून हेच काम पायाने केलं. लिव्हर जोरात ढकलली की त्या कडीला वेळ मिळत नाही आणि ती झिजते.

दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना लिव्हर उजवीकडे ओढू नका. बहुतेक पाच गिअरच्या गाड्यांत स्प्रिंग तिला आपोआप मधल्या रांगेत आणते. तळव्याने सरळ पुढे ढकलली की तिसरा. हाताने दिशा द्यायला गेलात की चुकून पाचवा पडतो.

शेवटी क्लच. खालचा रिकामा भाग पटकन सोडायचा, तो पकडायला लागतो तिथे पाय क्षणभर थांबवायचा, मग उरलेला सावकाश सोडत अ‍ॅक्सिलरेटर अलगद द्यायचा. त्यानंतर डावा पाय क्लचवरून पूर्ण बाजूला.

सपाट रस्त्यावर छोट्या पेट्रोल गाडीला २००० ते २५०० फेऱ्यांना गिअर वाढवलेला चालतो, डिझेलला थोडा आधी. चढावर मात्र उशिरा वाढवायचा. क्लच दाबलेला असतो तेवढ्यात गाडीचा वेग पडतो, वरच्या गिअरमध्ये इंजिन थरथरायला लागतं आणि पुन्हा खाली यावं लागतं. चोर्ला घाटात हे पहिल्या दोन वळणांतच कळतं.

काकांची परीक्षा सोपी होती. ते मागे डोळे मिटून बसायचे. "गिअर कधी बदललास ते मला कळलं, की तू नापास." पहिल्या रविवारी मी प्रत्येक गिअरला नापास झालो. चौथ्या रविवारी चौथा आणि पाचवा सुटले. पहिला-दुसरा शेवटपर्यंत छळत राहिला.

सहा आठवड्यांनी आज्जीला घेऊन निघालो. पहिल्या चौकापर्यंत ती गप्प होती, हात हँडलवर. मीही काही बोललो नाही. दुसऱ्या सिग्नलनंतर हात मांडीवर आला. थोडं पुढे गेल्यावर तिने शेजारणीच्या सुनेच्या आमटीत गूळ का नसतो हा विषय काढला, तो दवाखान्याच्या दारापर्यंत पुरला.

मागे काका डोळे मिटून होते. उतरताना म्हणाले, "पहिल्या सिग्नलचा दुसरा कळला. बाकी ठीक."

तेव्हा मंडळी, येत्या रविवारी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना मागच्या सीटवर बसवा, डोळे मिटायला सांगा आणि रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारा. निकाल ते लगेच सांगतील.