शांदोरचा सँडोर कोणी केला?

मार्चची १८ तारीख उजाडली की हंगेरीत शांदोर नावाच्या माणसांच्या घरी ये-जा सुरू होते. वाढदिवस नव्हे; नावाचा दिवस. आपल्या पंचांगात जशा तिथी आणि नक्षत्रे, तशी तिथल्या दिनदर्शिकेत नावे छापलेली असतात, आणि ज्या दिवशी ज्याचे नाव, त्या दिवशी त्याचे शेजारीपाजारी आणि सगेसोयरे त्याला आवर्जून शुभेच्छा देतात. शांदोरच्या दुसऱ्या दिवशी योझेफचा मान, २१ तारखेला बेनेदेकचा. हे तिघेजण ऊब पोत्यात भरून आणतात, अशी तिथल्या खेड्यापाड्यांतली जुनी म्हण आहे. बर्फात महिनेच्या महिने काढलेल्या शेतकऱ्याला शांदोर म्हटल्यावर काय वाटत असेल, ते मृग म्हटल्यावर आपल्याला काय वाटते त्यावरून ताडावे.

नाव मूळचे ग्रीक, अलेक्झांड्रोस. तेच इराणाकडे जाऊन सिकंदर झाले, इटलीत अलेस्सांद्रो झाले, आणि हंगेरीत शांदोर. आता हे नाव मराठीत कसे छापतात ते पाहा. सँडोर. सॅण्डॉर. सँडर सुद्धा! मागे एका मासिकाकडे मी लेख पाठवला होता, त्यात हे नाव सात-आठ वेळा आले होते. लेख छापून आला तो सगळ्या शांदोरांचे सँडोर होऊन. मी विचारले, तर संपादकीय खात्यातले गृहस्थ मोठ्या समजुतीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, इंग्रजीत तिथे एस आहे. एस म्हणजे स."

एस म्हणजे स! पण कोणाचा? इंग्रजांचा. रोमन लिपी ही काही साहेबाच्या वाडवडिलांची इस्टेट नव्हे. युरोपातल्या निरनिराळ्या भाषांनी ती भाड्याच्या घरासारखी घेतली आणि आपापल्या सोयीने आत चूल मांडली. हंगेरियन भाषेत नुसता एस म्हणजे श. स लिहायचा असेल तर एसपुढे झेड लावतात. एसच्या आधी सी लावला की च. नियम पक्का आहे, इंग्रजीसारखा लहरी नाही. माझ्या इयत्ता सहावीतल्या पोरांना तो एका तासात येईल, आणि तास संपायच्या आत दोघे तरी खिडकीबाहेर पाहत असतील, ते धरून.

आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. शांदोर यातला द हा आपला द आहे, दाताला जीभ लावून म्हणायचा. तिथला त हाही आपला त. इंग्रजाच्या जिभेला या दोन्ही अक्षरांची अडचण, म्हणून तो आपल्या दत्तूलाही डट्टू म्हणतो. आपल्याकडे तर तवर्ग नावाची आख्खी ओळ पाणिनीच्याही आधीपासून बसलेली आहे. असे असून आपण हंगेरियन नाव आधी इंग्रजाच्या तोंडात घालतो, ते चावून चोथा झाले की मग बाहेर काढतो, आणि पेतोफीचा पेटोफी, बार्तोकचा बार्टोक करून कागदावर ठेवतो. याला द्राविडी प्राणायाम म्हणणेसुद्धा प्राणायामाचा अपमान आहे.

नावाच्या क्रमाचेही तेच. हंगेरियन माणूस आडनाव आधी सांगतो: बार्तोक बेला, पेतोफी शांदोर. इंग्रजाला हे उलटे वाटते, म्हणून तो ते फिरवून घेतो. आपल्याला उलटे वाटायचे कारण काय? शाळेच्या हजेरीपटावर मी रोज सकाळी जोशी विनायक आणि शिंदे बबन असेच पुकारतो ना? तिकडे बुडापेस्टातला मास्तरही असेच पुकारतो. जगाच्या दोन टोकांचे दोन हजेरीपट जुळतात आणि आपण मध्ये साहेबाला उभा करून ते पुन्हा विसकटून घेतो.

यावर विरोधक काय म्हणतात तेही ऐकून घेऊ. शेक्सपिअरचा दाखला देणाऱ्यांना मी सोडून देतो. त्यांनी स्वतःच्या नावाचे लग्नपत्रिकेतले एक अक्षर चुकले तेव्हा छापखानेवाल्याला काय सुनावले होते, ते आठवावे. पण एक आक्षेप वजनदार आहे. "अहो, तुमच्या शांदोरांनीच आपली नावे बदलली, मग तुम्ही कशाला त्यांचे वकीलपत्र घेता?"

खरे आहे. बदललीच. हंगेरीचा सर्वांत लाडका कवी पेतोफी शांदोर १ जानेवारी १८२३ रोजी किशकोरोश गावी जन्मला, तेव्हा त्याचे आडनाव पेत्रोविच होते. म्हणजे पीटरचा मुलगा, आणि तेही स्लाव्ह वळणाचे. पोरगा फिरत्या नाटक मंडळींत होता, लष्करात होता, अर्धपोटी राहत होता. कविता छापून येऊ लागल्या तेव्हा त्याने त्याच अर्थाचे हंगेरियन आडनाव घेतले, पेतोफी. अर्थ बापाचाच ठेवला, भाषा आपली केली. आणि शांदोर तेवढे जागच्या जागी राहू दिले. पुढे १५ मार्च १८४८ रोजी याच पोराने मित्रांना घेऊन पेश्त शहरातल्या एका छापखान्याचा ताबा घेतला आणि सरकारी परवानगीशिवाय आपली कविता आणि देशाच्या बारा मागण्या छापून वाटल्या. तो दिवस आजही हंगेरीचा राष्ट्रीय सण आहे. पुढल्या वर्षी ३१ जुलैला शेगेश्वारच्या लढाईत झारच्या फौजेपुढे तो नाहीसा झाला; वय २६, आणि प्रेतही ओळख पटून हाती लागले नाही. अशा माणसाचे उरले काय? कविता आणि नाव.

दुसरे उदाहरण चित्रपटांच्या शौकिनांना ठाऊक असेल. म्हैसूरच्या हत्तीखान्यातल्या साबू नावाच्या मुलाला ज्याच्या कंपनीने पडद्यावर आणले आणि १९४० साली 'थीफ ऑफ बगदाद' काढला, तो अलेक्झांडर कोर्डा हासुद्धा पाळण्यातला शांदोरच, आडनाव केल्नर. लंडनला जाऊन त्याने धंदा मांडला, नाव इंग्रजी वळणाचे केले, १९४२ साली सर ही पदवी मिळवली. उत्तम. त्याला अलेक्झांडरच म्हणा. कारण तो निर्णय त्याचा होता. नाव बदलायचा हक्क नाव लावणाऱ्याचा; मुद्रितशोधकाचा नव्हे.

इथे आपल्या घरात डोकावले तर बरे. तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहायचा प्रकार आपण किती हौसेने करतो! वीस-बावीस वर्षे ज्या नावाने हाक आली ते नाव एका संध्याकाळी पुसायचे, आणि तिला विचारायचे नाही. हंगेरियनही या बाबतीत सोवळे नाहीत. तिकडे बायकोने नवऱ्याच्या सबंध नावाला 'ने' जोडून तेच लावायची जुनी रीत: शांदोरची बायको ती शांदोरने. मराठी कानाला ही तृतीया विभक्ती वाटेल. काही केले ते शांदोरने, असे. आज तशी सक्ती नाही, पण ज्या बाईचे स्वतःचे नाव त्या 'ने'मध्ये बुडाले तिच्याबद्दलही माझे म्हणणे हेच आहे जे शांदोरबद्दल आहे. बदलायचे तर तिने बदलावे.

"मग मराठी वाचकाला ते नाव इंग्रजी यादीत सापडायचे कसे?" असा एक व्यवहारी प्रश्न असतो. मी म्हणतो, रोमन अक्षरे जशी आहेत तशीच राहतात, ती कुठे पळून जात नाहीत. प्रश्न आहे देवनागरीचा, आणि देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहितात. १९५४ सालच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत पाच सामन्यांत अकरा गोल मारणारा हंगेरीचा खेळाडू कोचिश शांदोर. त्यातले कितीतरी गोल डोक्याने मारले म्हणून त्याला सोनेरी डोक्याचा म्हणत. इंग्रजी अक्षरे पाहून त्याला कॉक्सिस म्हणणारे भेटतात. कोचिश म्हणजे गाडीवान, आपला कोचमन! इंग्रजांनी 'कोच' हा शब्दच उचलला तो हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून. तिथे उत्तम घोडागाड्या बनत. म्हणजे मुंबईच्या व्हिक्टोरियावर कोचमन बसवण्यापुरता जो शब्द आपल्याला बरोबर म्हणता येतो, तोच कोचिशच्या नावात आला की येईनासा होतो.

पुस्तकांची गोष्ट आणखी कडू आहे. मारई शांदोर हा कादंबरीकार १९०० साली कश्शा गावी जन्मला; ते गाव आज स्लोव्हाकियात आहे. १९४८ साली त्याने देश सोडला आणि रशियन फौजा असेपर्यंत आपले पुस्तक मायदेशी छापू द्यायचे नाही, असा हट्ट धरला. चाळीस वर्षे परदेशात, आणि लिहिले ते शेवटपर्यंत हंगेरियनमध्येच. वाचणारे दूर, छापणारे थोडे. फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या सान दिएगो शहरी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. काही महिन्यांतच हंगेरीतली ती राजवट कोसळली. त्याची १९४२ सालची एक कादंबरी मरणानंतर जगभर खपली. तिचे हंगेरियन नाव मेणबत्त्या बुडख्यापर्यंत जळण्याविषयीचे. इंग्रजीत ती २००१ साली आली, नाव झाले 'एम्बर्स', म्हणजे निखारे, आणि ते भाषांतर मूळ हंगेरियनवरून नव्हते, जर्मन भाषांतरावरून होते! ज्याने भाषेसाठी आयुष्य पणाला लावले, त्याच्या वाट्याला हे तिसऱ्या हाताचे पाणी. आता आपण ते इंग्रजीवरून मराठीत आणले तर चौथा हात. निदान मुखपृष्ठावरचे नाव तरी पहिल्या हाताचे असू द्या, म्हणजे वाचकाला कळेल की यात कोणी हंगेरियन माणूस होता.

आणि ज्याच्यावर आपला सर्वांत अधिक हक्क, किंवा ज्याचा आपल्यावर, तो शांदोर आपल्याच देशात निजला आहे. कोरोशी चोमा शांदोर. कोरोश गावचा म्हणून कोरोशी. आपण सातारकर म्हणतो तसे. १७८४ साली ट्रान्सिल्व्हानियातल्या गरीब घरात जन्म. हंगेरियन लोकांचे भाऊबंद आशियात कुठेतरी असतील, ते शोधायचे म्हणून १८१९ साली हा गडी निघाला, बहुतेक पायीच, आणि बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल, लाहोर करीत १८२२ साली लडाखात पोहोचला. वाटेत सिकंदर बेग असे नाव घेतले. भाऊबंद मिळाले नाहीत, तिबेटी भाषा मिळाली. झांस्करमधल्या झांग्ला गावी नऊ फूट चौरस खोलीत, शेगडी नाही, मेंढीचे कातडे पांघरून, तो एका लामाजवळ शिकत बसला. बाहेर बर्फ, उंबरठा ओलांडायची सोय नाही. तशा स्थितीत चाळीस हजार शब्द गोळा केले, असे त्याला पुढे भेटलेल्या डॉक्टर जेरार्डने लिहून ठेवले आहे. १८३४ साली कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण छापून निघाले. तिबेटी विद्येचा आधुनिक अभ्यास त्या दोन पुस्तकांपासून धरतात.

त्या कोशाचे पहिले पान पाहण्यासारखे आहे. इंग्रजांसाठी इंग्रजीत छापलेले पुस्तक, म्हणून स्वतःचे नाव त्याने अलेक्झांडर असे घातले. पण आपण ट्रान्सिल्व्हानियातला हंगेरियन आहोत हे त्याखाली नोंदवायला विसरला नाही. आणि स्वतःच्या नावाच्या आधी घातले त्या लामाचे नाव, सांग्ये फुंत्सोग. तेही साहेबाला सोपे पडेल असे कातरून नव्हे, तर तिबेटी लिखाणातली मुकी अक्षरेसुद्धा एकेक करून रोमनमध्ये उतरवून. शब्द शिकवणाऱ्याच्या नावातले एक व्यंजन त्याने सांडू दिले नाही. त्या काळातल्या किती विद्वानांनी आपल्या शास्त्रीबोवांचे नाव पहिल्या पानावर घातले असेल?

असे असून आपले लेखक त्याला आजही अलेक्झांडर चोमा द कोरोस म्हणतात. त्यातला अलेक्झांडर इंग्रजी, द फ्रेंच आणि कोरोसमधला स चुकीचा. विचारले तर म्हणतात, भाषांतर आहे. भाषांतरच करायचे तर मराठीत सिकंदर म्हणा की! झांस्करच्या लामांना ते नाव चालले. मराठीच्या गावी सिकंदर आहे, शांदोर उच्चारता येतो. अलेक्झांडर तेवढा उसना, आणि नेमका तोच आपल्याला सभ्य वाटतो. पूना, थाना, सायन या नावांनी ज्यांच्या अंगाचा तिळपापड होतो, १९९५ साली मुंबई झाली तेव्हा ज्यांनी पेढे वाटले, त्यांनी दुसऱ्याचे नाव आले की खांदे उडवावेत? आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा, दुसरे काय!

ल्हासाला जायला म्हणून तो निघाला आणि दार्जिलिंगला हिवतापाने ११ एप्रिल १८४२ रोजी गेला. एशियाटिक सोसायटीने तिथल्या दफनभूमीत त्याच्यासाठी शिळा बसवली. मजकूर आदराचा आहे, कष्टांचे वर्णन मनापासून केलेले आहे. पण नाव अलेक्झांडर, आणि वय कोरले आहे ४४. तो ५८ वर्षांचा होता. टायगर हिलवरचा सूर्योदय पाहायला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी परतताना लेबाँग कार्ट रोडच्या बाजूला उतरावे. कोणाही जाणत्याला चोमा एवढे विचारले तरी ती जागा दाखवतील.