दुवा कुणी द्यायचा?

आपल्यापैकी अनेक ग्रंथालयांनी दुर्मिळ पुस्तके आणि जुनी नियतकालिके स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवली आहेत. ती वाचकांपर्यंत पोचावीत म्हणून विकिपीडियावरच्या लेखांखाली, ‘बाह्य दुवे’ या सदरात, आपल्या संकेतस्थळाचा पत्ता टाकावा असे कुणालाही वाटेल. असे दुवे पुष्कळदा काढले जातात आणि ग्रंथपाल दुखावतात. आमच्या मते काढणाऱ्यांचेच बरोबर आहे.

इंग्रजी विकिपीडियाचा याबाबतचा दंडक स्पष्ट आहे. ज्या संकेतस्थळाशी आपला संबंध आहे त्याचा दुवा आपण स्वतः देऊ नये, मग ते कितीही दर्जेदार असो. लेखाच्या चर्चा पानावर सुचवावे आणि निर्णय तटस्थ संपादकांवर सोडावा. वाद झाल्यास दुवा का हवा हे पटवून देण्याचे काम तो ठेवू पाहणाऱ्याचे. लेखात मावणार नाही असे काही त्या दुव्यामागे वाचकाला मिळते का, हे पाहिले जाते. म्हणून केशवसुतांवरील लेखाखाली ग्रंथालयाचे मुखपृष्ठ टिकणार नाही. त्यांच्या कवितांच्या जुन्या आवृत्तीचे नेमके पान टिकू शकेल.

नावनोंदणी किंवा पैसे मागणारी स्थळे टाळली जातात. स्वामित्वहक्क मोडणारी तर वर्ज्यच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. ते न तपासता चढवलेली थोडी पुस्तकेही साऱ्या संग्रहावर संशय आणतात. जागोजागी दुवे पेरत राहिल्यास पत्ता काळ्या यादीत जातो. मेटा-विकी या समन्वयाच्या स्थळावरची अशी यादी विकिपीडियासह विकिमीडियाच्या सर्व भाषांतल्या प्रकल्पांना लागू असते, आणि मग तो दुवा घातलेले संपादन जतनच होत नाही. शोधयंत्रात वर येण्याची आशाही फोल आहे. इंग्रजी विकिपीडियावरच्या बाह्य दुव्यांना २००७ पासून ‘नोफॉलो’ खूण असते. या दुव्याला शिफारस समजू नका, असे ती शोधयंत्रांना सांगते.

खरे काम लेखाच्या मजकुरात आहे. नियतकालिकांचे जुने अंक आपल्या कपाटात आहेत. त्यांतली माहिती लेखात घालून नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक, पृष्ठ असा पूर्ण संदर्भ देणे आपल्याइतके कुणाला जमणार?

आणखी एक. संकेतस्थळाचे नूतनीकरण झाले की जुने पत्ते मरतात आणि इतरांनी विश्वासाने दिलेले दुवेही निकामी होतात. इंटरनेट अर्काइव्हचा सांगकाम्या (बॉट) विकिपीडियावरचे असे दुवे जतन प्रतीकडे वळवतो, पण प्रत तिथे असेल तरच. तेव्हा पुढच्या नूतनीकरणाच्या कंत्राटात जुने पत्ते चालू ठेवण्याची अट आवर्जून लिहून घ्या.