आमचं ‘शेख’ आडनाव कुठून आलं?

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे एक वेगळंच काम आलं आहे. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला. निजामाच्या काळातले बरेच सरकारी कागद उर्दूत, काही मोडीत. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर, राहायला बार्शीत. परंडा, कळंब ही पूर्वीच्या निजामी मुलखातली गावं आम्हाला हाकेच्या अंतरावर. त्यामुळे ओळखीचे लोक मोबाईलमध्ये जुन्या कागदांचे फोटो घेऊन येतात. “सर, एवढं वाचून द्या, यात कुणबी लिहिलंय का बघा.” मी ते घाईत लिहिलेलं शिकस्ता अक्षर लावत बसतो. एखाद्याच्या पणजोबाचं नाव सापडलं की त्याचा चेहरा उजळतो. मलाही बरं वाटतं.

एकदा असाच कागद वाचून झाल्यावर चहा घेता घेता एका पालकाने सहज विचारलं, “सर, तुमचं मूळ कुठलं? शेख म्हणजे अरबस्तानातले का?” मी हसून वेळ मारून नेली. पण ते गेल्यावर लक्षात आलं की, लोकांचे पणजोबा शोधून देणाऱ्या मला स्वतःच्या पणजोबांचं नावही ठाऊक नाही.

त्याच सुमारास मुलीच्या प्रवेशाचा प्रश्न आला. ओबीसीचा दाखला काढावा म्हटलं, तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागितला. अब्बांचा शाळेचा दाखला होता. त्यावर आडनाव ‘शेख’ आणि जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’. एवढ्यावर कोण काय देणार? आपल्यापैकी अनेकांच्या घरात असाच दाखला असेल.

मी फुफीकडे गेलो. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण स्मरणशक्ती शाबूत. त्यांना विचारलं, “फुफी, आपण नेमके कोण?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलं. “हमे पिंजारीच हैं ना बेटा!” मग त्या सांगत बसल्या. दादा परंड्याकडून बार्शीला आले ते कापूस पिंजायला. खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण, हातात लाकडी मुठीचा ठोकळा. गल्लीत तातेचा आवाज घुमला की बायका जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. लग्नसराईत रात्रंदिवस काम. घरभर कापसाचे तंतू, केसांत, भाकरीत, छातीतसुद्धा. दादा खोकून खोकूनच गेले.

मग शाळेत गेलो. जनरल रजिस्टर काढून दाखवा, अशी विनंती केली. बडे अब्बांची नोंद सापडली: जात ‘पिंजारी’. सात वर्षांनंतरच्या पानावर माझे अब्बा: आडनाव ‘शेख’, जात ‘मुसलमान’. सख्खे भाऊ, एकच घर, एकच शाळा, आणि नोंदी दोन.

मला वाटलं, लिहिणाऱ्या मास्तरांनीच घोळ केला असणार. आमच्याकडे जुन्या कागदांत ‘शेख अमुक वल्द शेख तमुक’ असं लिहायची पद्धत होती. शेख हा नावाच्या आधी येणारा मानाचा शब्द. पुढे फॉर्मवर आडनावाचा रकाना आला आणि पुढचा शब्द उचलून मागे बसवला गेला. हजारो घरांचं ‘शेख’ असंच तयार झालं आहे. पण फुफींनी वेगळंच सांगितलं. बडे अब्बांना शाळेत पोरं ‘पिंजाऱ्या’ म्हणून चिडवायची, अंगावर कापूस फेकायची. चौथीतच त्यांनी शाळा सोडली. म्हणून धाकट्याला शाळेत घालताना दादांनीच मास्तरांना हात जोडून सांगितलं, “साहेब, याला नुसतं शेख लिहा.”

हे ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. अब्बा मॅट्रिक झाले, नोकरीला लागले, मी बी.एड. झालो. यात त्या एका शब्दाचा वाटा किती, कसं सांगणार? दादांनी मुलाला वाचवलं. पण त्याच शब्दामुळे त्यांच्या पणतीच्या हक्काचा कागद अडला. शेवटी बडे अब्बांच्या त्या नोंदीवरच तो मिळाला. ज्या शब्दाने त्यांची शाळा सोडवली, त्याच शब्दाने त्यांच्या नातीला कॉलेजात नेलं.

पुढे परंडा तालुक्यातल्या घरजागेच्या एका उर्दू कागदावर पणजोबा भेटले. नावापुढे लिहिलं होतं ‘नद्दाफ’. हा अरबी शब्द, अर्थ कापूस पिंजणारा. सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडचे आपले नदाफ बांधव ते हेच. आमचे खानदेशातले काही नातेवाईक स्वतःला मन्सुरी म्हणवतात. ते नाव मन्सूर हल्लाज या सूफींवरून घेतलेलं. हल्लाज म्हणजेही पिंजारी. सन 922 मध्ये बगदादेत त्यांना मृत्युदंड दिला गेला. गंमत म्हणजे त्यांचं स्वतःचं नाव हुसेन होतं, मन्सूर हे त्यांच्या वडिलांचं. म्हणजे पिंजारी, नदाफ, मन्सुरी आणि आमच्यासारखे काही शेख: आडनावं चार, पण हातातलं पिंजण एकच.

आता मुद्द्याचं बोलतो. आपल्यात दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, आमचे पूर्वज थेट अरबस्तानातून, इराणातून आले. भिंतीवर शजरा टांगलेला असतो. काहींचे खरोखर आलेही असतील. पण विणकराने अन्सारी व्हायचं, कसायाने कुरेशी व्हायचं, आमच्यासारख्याने शेख व्हायचं, यामागे बहुतेक वेळा वंशावळ नसते, अपमान टाळायची धडपड असते. ती मी समजू शकतो. माझ्या दादांनीही तेच केलं. दुसरे बाहेरचे लोक. ते म्हणतात, बघा, तुम्ही इथलेच, म्हणजे तुम्ही आमचेच, परत या. त्यांना मी नम्रपणे सांगतो, इथला आहे म्हणूनच तर कुठे जायचं नाही आणि कुठून परतही यायचं नाही. पिंजारी असणं आणि मुसलमान असणं आमच्या घरात कित्येक पिढ्या सुखाने एकत्र नांदलं आहे.

काही मित्र विचारतात, “इस्लाममध्ये जात नाही, मग तुम्ही ती कशाला उकरून काढता?” दीनमध्ये नाही, हे शंभर टक्के मान्य. सूरह हुजुरातमध्ये कौम आणि कबिले एकमेकांच्या ओळखीसाठी आहेत, श्रेष्ठत्व फक्त तक्व्याने ठरतं, असा अर्थ आहे. पण मग रिश्ता आला की आपण पहिला प्रश्न ‘बिरादरी कोणती?’ हाच का विचारतो? जात मशिदीच्या सफमध्ये नसते, निकाहाच्या बैठकीत मात्र येऊन बसते. नाव लपवल्याने ती गेली नाही. गेला तो फक्त सरकारदरबारचा पुरावा. आणि सूरह अहजाबमध्ये दत्तक मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा असं सांगितलं आहे. त्याचा रोख वेगळा असला, तरी बापाची ओळख झाकू नये एवढा धडा मी त्यातून घेतो.

हे आत्ताच लिहायचं कारण, येत्या जनगणनेत जात नोंदवली जाणार आहे. 1931 नंतर सर्व जातींची अशी नोंद पहिल्यांदाच होईल. प्रगणक दारात येईल, तेव्हा आपण काय सांगणार? ‘मुसलमान’ एवढं सांगून दार लावलं, तर तांबोळी, बागवान, मुलाणी, शिकलगार, मोमीन, पिंजारी असे कष्टकरी समाज कागदावरून पुन्हा पुसले जातील. मग पुढची पन्नास वर्षं आपली मुलं 1967 च्या आधीचा कागद शोधत फिरतील.

म्हणून माझी विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ एकदा निवांत बसा. पणजोबांचं नाव, गाव, धंदा लिहून घ्या. आजीकडचंही लिहा. कारण आमच्या दादीचं नाव मला एकाही कागदावर सापडलं नाही, ते फुफींच्या तोंडूनच कळलं. शाळेच्या रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली नोंद, तहसीलमधले जुने कागद यांच्या नकला काढून ठेवा. उर्दू वाचता येत नसेल तर माझ्यासारख्या एखाद्या मास्तराला गाठा, आम्ही नाही म्हणत नाही.

मी आडनाव बदलणार नाही. ‘शेख’ हा माझ्या दादांनी मुलासाठी हात जोडून मागून घेतलेला शब्द आहे, तो टाकणं मला जमणार नाही. पण प्रगणकाला जात सांगताना मी ‘पिंजारी’ असं स्पष्ट सांगणार आहे. तेव्हा मुलीलाही शेजारी उभं करीन.