बाटलीतलं क्रीमी, वाटीतलं क्रीमी

मागच्या वर्षी बाबांचं बीपी वर गेलं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: मीठ कमी करा आणि रात्री जरा सॅलड वगैरे खात जा. बाबांनी दुसरी गोष्ट लगेच मनावर घेतली. मला आश्चर्यच वाटलं, कारण कच्चा पाला हा त्यांच्या मते गुरांचा विषय. मग कारण कळलं. मीच सुपरमार्केटातून आणलेली क्रीमी ड्रेसिंगची बाटली! काकडी-गाजरावर ती उपडी केली की वाडगा साफ.

एका शनिवारी चहा पिता पिता त्या बाटलीमागचं लेबल वाचलं. (दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचणाऱ्याला बारीक अक्षर वाचायची खोड असतेच.) दोन टेबलस्पून, म्हणजे ३० ग्रॅमला सोडियम २८० मिलीग्रॅम. बाबा दोन चमच्यांवर थोडेच थांबणार? सहा धरले तर ८४०. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसभरात २००० मिलीग्रॅमच्या आत राहावं. म्हणजे लोणचं-पापड बंद करून आम्ही तेच मीठ मागच्या दाराने घरात घेत होतो, आणि वर त्याला हेल्दी म्हणत होतो.

बाटली बंद केली. तिसऱ्या दिवशी सॅलडही बंद झालं. "बाबा, नुसती काकडी खा की," म्हटलं तर म्हणाले, "तूच खाऊन दाखव." मुद्दा बरोबर होता.

मग घरी करायचं ठरवलं आणि पहिली चूक केली: बाटलीची नक्कल. क्रीमी म्हणजे मेयोनीज अशी माझी समजूत. कच्चं अंडं नको होतं. त्यात साल्मोनेलाची भीती असते, आणि ती काही पुस्तकी नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये केरळने, ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणाने आणि एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली (शेवटच्या दोघांनी एका वर्षापुरती). म्हणून थंड दूध घेतलं, मिक्सर लावला आणि तेल भसकन ओतलं. ते बारीक धारेने सोडायचं असतं हे नंतर वाचलं. दूध खाली, तेल वर. आईने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, त्यापेक्षा दही टांगून ठेवायचंस."

झालं. दोन तासांच्या संशोधनावर एका वाक्यात पाणी. पण विचार केल्यावर पटलं, की तिने सांगितला तो स्वस्तातला पर्याय नव्हता, तोच मूळ रस्ता होता.

अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारं क्रीमी ड्रेसिंग म्हणजे रँच. त्याचा जनक स्टीव्ह हेन्सन. हा गडी आधी अलास्कात प्लंबिंगची कामं करायचा. १९५४ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक रँच घेतलं, नाव ठेवलं हिडन व्हॅली. पाहुण्यांना तिथलं ताकातलं ड्रेसिंग इतकं आवडलं, की तो त्याच्या मसाल्याची पाकिटं पोस्टाने विकू लागला. लक्षात घ्या, पाकिटं! ताक आणि मेयोनीज ज्याने त्याने आपल्या घरी घालायचं. १९७२ मध्ये क्लोरॉक्स या ब्लीचवाल्या कंपनीने हा धंदा ८० लाख डॉलरना घेतला, आणि फ्रिजबाहेर टिकणारी बाटली आली ती थेट १९८३ मध्ये. म्हणजे बाटलीतलं ड्रेसिंग हीच मुळात घरगुती वाटीची नक्कल आहे. आणि मी नकलेची नक्कल करायला बसलो होतो.

माझं म्हणणं एवढंच, की बाटली आणि वाटी यांची रिक्वायरमेंटच वेगळी आहे. बाटलीला महिनोन्‌महिने शेल्फवर उभं राहायचंय. म्हणून तिच्यात आंबटपणा जास्त, मीठ जास्त, आणि तेल-पाणी वेगळं होऊ नये म्हणून झँथन गम. यात लबाडी काही नाही, त्या कामाला ते लागतंच. पण आपल्याला आज रात्री साडेआठपर्यंतच टिकायचंय. मग महिन्यांचा बोजा आपण का वाहायचा?

दह्यात अर्धं काम आधीच झालेलं असतं. दुधातलं स्निग्ध मुळातच बारीक थेंबांत विखुरलेलं असतं, आणि दही लागताना केसीन नावाचं प्रथिन त्याभोवती जाळं विणतं. म्हणजे म्हशीने आणि विरजणाने मिळून क्रीम तयार ठेवलंय, आपण फक्त पाणी काढायचं.

आता कृती. दोन वाट्या दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर दोन तास ठेवा. अर्धा चमचा मोहरी थोड्या थंड पाण्यात वाटून फेसा. इथे एक गंमत आहे. मोहरीचा झणका पाणी लागल्यावर तयार होतो आणि आंबट पडलं की त्याची वाढ थांबते. म्हणून आधी पाणी, पाच मिनिटं थांबा, मग लिंबू. हीच फेसलेली मोहरी तेल धरून ठेवायलाही मदत करते. आता चक्का, मोहरी, ठेचलेली लसणाची एक पाकळी, चमचाभर लिंबूरस, चिमूटभर साखर आणि दोन चमचे तेल घोटा. तेल थोडं थोडं! सैल हवं तर निथळलेलं पाणीच परत घाला. वरून बारीक चिरलेला शेपू. नाक मुरडू नका. रँचमध्ये जे डिल घालतात ते म्हणजे आपला शेपूच.

आणि मीठ? चार जणांच्या वाडग्याला पाव चमचा, तेही वाढताना. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं आणि सगळं पातळ होतं. पाव चमच्यात सोडियम साधारण ५७५ मिलीग्रॅम, म्हणजे माणशी दीडशेच्या आत. बाटलीच्या ८४०शी तुलना तुम्हीच करा.

"वेळ कुणाला आहे?" हा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मीच वर्षानुवर्षं घेत आलोय. पण दही आपलं आपण टांगलेलं असतं, त्याला सोबत लागत नाही. हाताचं काम दहा मिनिटांचं. प्रवासात, हॉस्टेलवर बाटली खुशाल वापरा. घरी फ्रिजमध्ये हे दोन-तीन दिवस चांगलं राहतं, पण उरेल तर ना.

बाबा आता पुन्हा रोज खातात. पहिल्या दिवशी चव घेऊन म्हणाले, "ही तर कोशिंबीरच की रे, जरा शिकलेली." आई शेजारीच होती. ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघून हसली.

असो. फडकं वाळत घालायचं राहिलंय.