झोत आपण बदलला, आता पाळी बदलू

रात्रीचे बारे धरणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातील बॅटरी एकदा नीट पाहावी. दुकानातून आणली तशी ती क्वचितच असते. कोणी काचेवर दुधाच्या पिशवीचा तुकडा ताणून रबर लावलेले असते. कोणी तोंडाला पाईपचा तुकडा बसवलेला असतो. कोणी मोटारसायकलच्या जुन्या दिव्याची वाटी काढून तीत एलईडी बसवलेला असतो. कोणी बॅटरी टोपीला बांधतो, कोणी काठीच्या खालच्या टोकाला. अकोले-संगमनेरच्या उसापासून श्रीगोंद्याच्या फळबागेपर्यंत ही कारागिरी चालते. तिला कोणी शोध म्हणत नाही, कोणी पेटंट मागत नाही. या अंकाचा अग्रलेख आम्ही या कारागिरीवर लिहीत आहोत, त्याला दोन कारणे आहेत. ही कारागिरी नीट केली तर जीव वाचतो, हे पहिले. आणि ती करावी का लागते याचा जाब कोणी विचारत नाही, हे दुसरे.

पहिल्याने कामाचे बोलू.

बॅटरीत उजेड तयार होतो तो ठरलेला. त्याचा झोत बारीक केला तर तो लांब जातो, पसरला तर जवळच राहतो. झोताचा व्यास दुप्पट केला की त्याच जागेवरचा उजेड चौथाईवर येतो. हा हिशेब कोणालाच चुकवता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच बॅटरीतून एकाच वेळी मिळणार नाहीत, मग दुकानदार काही का सांगेना. पूर्वीच्या पितळी बॅटरीचे तोंड फिरवले की बल्ब वाटीच्या मध्यबिंदूपासून पुढेमागे होई आणि झोत बारीक-मोठा होई. आजच्या बऱ्याच स्वस्त एलईडी बॅटऱ्यांत ही सोय नाही. त्या लांब उजेड टाकतात हे सांगूनच विकल्या जातात. पण बांधावरून चालणाऱ्या माणसाला शंभर पावलांवरचे झाड दिसून काय उपयोग? त्याला पुढच्या चार पावलांत काय आहे ते दिसले पाहिजे.

झोत पसरवायचा असेल तर काचेवर बटर पेपर किंवा दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा लावावा. मधला डोळे दिपवणारा ठिपका जातो आणि पायाभोवती सारखा उजेड पडतो. थोडा उजेड वाया जातो, पण तो परवडतो. काच पॉलिश पेपरने घासूनही हेच साधते, मात्र घासलेली काच पुन्हा स्वच्छ होत नाही, म्हणून जादा काच असेल तरच घासावी. जुना तापणारा बल्ब असेल तर कागद काचेला चिकटवू नये, तो करपतो. जास्त ताकदीच्या एलईडीलाही उष्णता बाहेर टाकायला जागा लागते. तिच्या धातूच्या अंगाला चिंध्या गुंडाळू नयेत.

झोत लांब न्यायचा असेल तर पुष्कळ जण तोंडाला पाईप लावतात. पाईपने झोत लांब जात नाही. तो फक्त बाजूला सांडणारा उजेड अडवतो. आतून काळा केलेला पाईप लावला तर उजेड आपल्याच डोळ्यांवर येत नाही, समोरचे जरा स्पष्ट दिसते, एवढाच त्याचा फायदा. खरोखर लांब न्यायचे तर वाटी मोठी हवी किंवा पुढे भिंग हवे. मोटारसायकलच्या दिव्याची वाटी वापरणारे बरोबर करतात, पण एलईडी त्या वाटीच्या नेमक्या मध्यबिंदूवर बसली पाहिजे. एक-दोन मिलिमीटरचा फरक झाला तरी झोताच्या जागी काळे वर्तुळ पडते. पुठ्ठ्याच्या पातळ चकत्या खाली घालून, भिंतीवर झोत टाकून, तो सर्वांत बारीक कुठे होतो ते पाहावे.

आता बॅटरी धरायची कुठे हे झोताइतकेच महत्त्वाचे आहे. बिबट्या, तरस, कुत्रा, मांजर, गाय यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो. त्यावर पडलेला उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत जातो. म्हणून डोळे चमकताना पाहायचे असतील तर बॅटरी आपल्या डोळ्यांजवळ, कपाळावर किंवा कानशिलापाशी हवी. कमरेला धरलेल्या बॅटरीने समोरचे डोळे चमकतात, पण ती चमक आपल्यापर्यंत नीट पोचत नाही. सापाचे उलटे आहे. त्याचे डोळे असे चमकत नाहीत. तो दिसतो तो त्याच्या सावलीने. कपाळावरच्या बॅटरीने सावली वस्तूच्या मागे लपते आणि घोणस पाचोळ्यात मिसळून जाते. तोच उजेड गुडघ्याखालून तिरपा टाकला की ढेकूळ, फांदी, साप, सगळ्यांची लांब सावली पडते. म्हणजे बॅटऱ्या दोन हव्यात: टोपीला बारीक झोताची, काठीच्या खालच्या टोकाला पसरट झोताची. ज्यांनी काठीला बॅटरी बांधायचे सुरू केले त्यांना हे कोणत्या पुस्तकात वाचायला मिळाले नव्हते.

रंगीत कागदाविषयीही दोन शब्द. पिवळ्या किंवा तांबड्या जिलेटीन कागदाने किडे कमी येतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या झोताने ती कमाई क्षणात जाते. तांबड्या मंद उजेडात ती टिकते. स्टार्टरपाशी बसून राहायचे असेल तर तांबडा कागद चांगला. चालायचे असेल तर तो काढून टाकावा, कारण तांबड्या उजेडात अंगावरची नक्षी ओळखू येत नाही.

बॅटरीच्या तोंडाला कागद लावणे हे काही आपल्याच वाट्याला आले असे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रस्त्यावर बॅटरी वापरायची तर तिच्या तोंडाला पातळ कागदाचा दुहेरी पदर लावण्याचा दंडक होता, वरून विमानाला उजेड दिसू नये म्हणून. १९७१ च्या युद्धात आपल्याकडेही मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा केला गेला. त्या देशांत युद्ध संपले आणि कागद निघाले. आपल्या शिवारात युद्ध जाहीर झाले नाही, म्हणून ते संपल्याचेही कोणी जाहीर करीत नाही.

आता दुसऱ्या कारणाकडे वळू. माणूस रात्री दोन वाजता उसाच्या सरीत उभा का आहे?

शेतीपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने देण्याचा रिवाज महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आला: आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, बाकीचे रात्री दहा तास. दिवसाची वीज कारखान्यांना आणि शहरांना लागते, रात्री ती उरते, आणि उरलेली शेतकऱ्याच्या वाट्याला येते. पंगतीत शेवटी बसणाऱ्याला वाढतात तशी ही वाढणी आहे. काही जण म्हणतात, ऑटो स्विच बसवा आणि झोपा. ऑटोने मोटार सुरू होते, वाफा भरल्यावर पाणी वळत नाही. बारे मोडायला माणूसच लागतो. ठिबक असेल तर त्रास कमी होतो, पण जिल्ह्यातला सगळा कांदा, गहू, ऊस आणि घास अजून ठिबकवर गेलेला नाही.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे वीजबिल सरकारने माफ केले आहे. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण चळवळीने सुरुवातीपासून एक गोष्ट सांगितली आहे: आम्हाला भीक नको, घामाचे दाम हवेत. फुकटची वीज रात्री एक वाजता मिळत असेल तर ती फुकट नाही. तिची किंमत जागरणात मोजली जाते, बॅटरीत मोजली जाते आणि कधी कधी माणसात मोजली जाते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतली बहुसंख्य खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. सर्पदंशाने शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात अनुदान योजनेतून घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात. गेल्यावर दोन लाख देण्याची तरतूद आहे. जाऊ नये म्हणून वीज दिवसा देण्याची तरतूद मात्र वाट पाहायला लावते.

पिकाचा उत्पादन खर्च काढणाऱ्या तक्त्यात बियाणे आहे, खत आहे, मजुरी आहे, घरच्या माणसांच्या श्रमांचाही हिशेब आहे. रात्रपाळीचा वेगळा रकाना नाही. कारखान्यात, रेल्वेत, दवाखान्यात रात्रीचे काम वेगळे धरले जाते. शेतात रात्र आणि दिवस सारखेच मोजतात. बॅटरी, तिचे सेल, चार्जिंग, गमबूट, काठी आणि दुसऱ्या दिवशीचे अर्धवट अंग, हे सगळे उत्पादन खर्चात धरले पाहिजे ही आमची मागणी आहे.

बिबट्याची गोष्टही याच्याशीच बांधलेली आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे, आणि तेही चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा शेतशिवारात. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. १९२६ साली भंडारदरा धरण पुरे झाले, पुढे प्रवरेकाठी ऊस आणि साखर कारखाने वाढले. त्या उसात त्याला आडोसा मिळाला, वस्तीवर खाणे मिळाले. तो आता पाहुणा राहिलेला नाही. अशा शिवारात माणसाला रात्री एकटे वाकून काम करायला लावणारे वेळापत्रक बिबट्या तयार करीत नाही, ते कार्यालयात तयार होते. तोवर आपण एवढे करावे: एकट्याने जाऊ नये, वाकून किंवा उकिडवे बसून राहू नये, मोठ्याने बोलत किंवा रेडिओ लावून चालावे, आणि कुत्र्यांना ओढ लागेल असा कचरा व मेलेले जनावर वस्तीजवळ टाकू नये. झोत बिबट्याला हाकलील या भरवशावर राहू नये. झोत फक्त दाखवतो.

दिवसाची वीज देणे अशक्य आहे असे आता कोणी म्हणू शकत नाही. शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर चालवण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या प्रकल्पांत आपल्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी होते. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. जिथे वाहिनी जोडली गेली तिथे दिवसा पाणी भरता येते. मग प्रश्न एवढाच उरतो: कोणती वाहिनी आधी, कोणती नंतर, आणि हे कोण ठरवते? तो क्रम गावाला माहीत असला पाहिजे.

एक गोष्ट मात्र खरेपणाने सांगितली पाहिजे. दिवसाची वीज आली तरी मुळा-प्रवरेच्या लाभक्षेत्रातली रात्र संपत नाही. कालव्याचे आवर्तन सुटले की पाणी चोवीस तास वाहते आणि शेजपाळीत ज्याचा नंबर रात्री लागतो त्याला रात्रीच दारे धरावे लागते. म्हणून पाळीचा प्रश्न विजेपुरता नाही. रात्रीची पाळी दर आवर्तनाला त्याच त्या शेतकऱ्यावर, आणि बहुधा शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यावर, येते का हे पाणी वापर संस्थांनी तपासावे. आलटून पालटून पाळी लावायला सरकारची परवानगी लागत नाही, आपली दानत लागते.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, तालुक्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर चार गोष्टी असाव्यात. आपली वाहिनी कोणती आणि कोणत्या उपकेंद्राची. गेल्या महिन्यात थ्री फेज किती रात्री मिळाली, किती वाजता आली आणि किती वेळा गेली. रात्री पाणी भरताना सर्पदंश, शॉक किंवा जनावराचा हल्ला झाला असेल तर त्याची नोंद. आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे की नाही. भाषणे आम्ही करू शकतो, पण या कागदाशिवाय ती भाषणे वाऱ्यावर जातील. हे कागद एकत्र बांधून जिल्हा बैठकीत वाचले जातील आणि तारीख मागितली जाईल.

आणखी एक. ज्यांच्या बॅटरीला स्वतः केलेली काही सोय आहे त्यांनी ती बॅटरी बैठकीला सोबत आणावी. बैठक संपल्यावर अंधारात एकमेकांचे झोत भिंतीवर टाकून पाहू. तरुण पोरांनी जुन्या लॅपटॉपचे सेल काढून बॅटरीत घालण्याचे धाडस चालवले आहे. संरक्षक सर्किटशिवाय ते सेल पेट घेतात, तेवढे मात्र करू नये. बाकी जे ज्याला जमले ते दुसऱ्याला शिकवावे.

शहरातले पाहुणे अशा गोष्टींना जुगाड म्हणतात आणि कौतुकाने फोटो काढून नेतात. आम्हाला या कौतुकाची भीती वाटते. ज्या हातांनी बॅटरीचा झोत हवा तसा वळवला ते हात अडाणी नाहीत, हे त्यातून सिद्ध होते, आणि ते आम्हाला आधीच माहीत होते. पण अंधारात निभावून नेण्याची कला अंगी आली म्हणून अंधार आपल्या नशिबीच आहे असे मानायचे कारण नाही. कागद लिहा, बैठकीला या.