देवघर आहे, अग्रशाळा कोठे आहे?

घरातील सर्वांत लहान खोलीचा उपयोग यजमान कसा करतो, यावरून त्याच्या गृहस्थधर्माची परीक्षा करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाणखाना लोकांना दाखविण्यासाठी असतो, स्वयंपाकघर पोटासाठी, देवघर देवासाठी. परंतु मागील बाजूची ती एक कूड, जी कोणाच्याच निकडीची नाही, ती कोणासाठी?

आमच्या हैदराबादेत या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका कुलपाने दिलेले असते. काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा या भागांत कित्येक जुन्या घरांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या; मुले परदेशी गेली; आणि मागे राहिलेल्या दोन वृद्धांच्या घरात एक खोली बारा महिने बंद असते. आत काय आहे म्हणाल, तर मोडका पाळणा, तीन ट्रंका, मुका झालेला रेडिओ, आणि दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी रचून ठेवलेल्या गाद्या. त्याच काचीगुडा स्थानकावर नांदेड-परभणीकडून उतरलेला विद्यार्थी अमीरपेटेत चार खाटांच्या खोलीतील एक खाट भाड्याने घेतो. आणि उपचारासाठी आणलेल्या रुग्णाचा भाऊ रुग्णालयाच्या आवारात चादर पसरून रात्र काढतो. गाद्यांना छप्पर आहे, माणसाला नाही!

आपल्या पूर्वजांची रीत अशी नव्हती. गोव्यात मंगेशीला जा, कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जा. देवळाबरोबर अग्रशाळा आहेच. देशावरील देवळांना ओवऱ्या आहेत. ज्यांनी गाभारा बांधला त्यांनीच वाटसरूची पथारीही पूजेचा भाग मानली. आपण मात्र नव्या घरात संगमरवरी देवघर करवून घेतले आणि अग्रशाळा तेवढी विसरलो.

घराचे दार उघडले म्हणजे काय घडते, याचा दाखला याच शहरात आहे. १ सप्टेंबर १९०१ रोजी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय रावीचेट्टू रंगराव यांच्या राहत्या घरी सुरू झाले. त्याच्या संस्थापकांत कोमर्राजू लक्ष्मणराव होते. नागपुरात शिकलेले आणि मराठीतही लेखन करणारे. निजामाच्या राज्यात तेलुगू भाषेला जो आधार मिळाला, तो प्रथम एका गृहस्थाच्या घरात मिळाला. मोठी इमारत नंतर आली. आधी उंबरठा मोकळा झाला.

यावर सुशिक्षितांचा पहिला आक्षेप कायद्याचा. ‘खोली दिली की गेली!’ असे म्हणून ते १९६० च्या भाडेनियंत्रण कायद्याकडे बोट दाखवितात. वकील या नात्याने सांगतो की, ही भीती अर्धवट ज्ञानाची आहे. भाडेपट्टा आणि अनुज्ञप्ती हे भिन्न व्यवहार आहेत. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातील दोन लहान खोल्यांचा वाद आला. त्या केशकर्तनाच्या धंद्यासाठी दिल्या होत्या, आणि कागदावर शब्द होता अनुज्ञप्तीचा. बहुमताने निर्णय झाला की, शब्द नव्हे, व्यवहाराचे खरे स्वरूप पाहावयाचे. आणि तो भाडेपट्टा ठरला. यातून धडा घ्यावयाचा तो असा, की खोली स्वतंत्र ताब्यात देऊन भाडे घ्यावयाचे आणि वर पाहुणचाराचे नाव लावावयाचे, हा डाव चालत नाही. परंतु विद्यार्थी घरच्या दारातून येत-जात असेल, ताबा यजमानाचाच असेल, राहण्याची मुदत ठरवून लिहून ठेवली असेल, तर भिण्याचे कारण फारसे उरत नाही. कायदा आड येतो तो लोभाच्या; आतिथ्याच्या नव्हे.

दुसरा आक्षेप उघडपणे कोणी मांडत नाही. तो ‘मुलगा आपल्यांतला आहे ना?’ या मृदू प्रश्नात दडलेला असतो. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास मनाई केली आहे. त्या ‘कोणत्याही स्वरूपात’ या शब्दांचा अर्थ न्यायालयाने सांगेपर्यंत वाट पाहणाऱ्याने आपल्या देवघरात दिवा लावताना क्षणभर थांबावे, इतकेच म्हणतो.

मात्र एक मर्यादा सांगितली पाहिजे. घरातील दुसरी राहण्याजोगी खोली निदान साडेसात चौरस मीटरची असावी, असे राष्ट्रीय इमारत संहितेचे माप आहे; उजेड-वारा तर हवाच. त्याहून लहान, बिनखिडकीची कोठडी पुस्तकांना द्या, पापड-लोणच्यांना द्या. परंतु घरकाम करणाऱ्या बाईला तेथे निजवून त्याला उपकार म्हणू नका. जेथे आपला मुलगा झोपणार नाही, तेथे दुसऱ्याचा झोपवू नये. याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

तेव्हा वाचकहो, ट्रंका रिकाम्या करा, पाळणा गरजवंताला द्या, भिंतीला चुना लावा. परीक्षेचे चार महिने एक विद्यार्थी, उपचाराचा पंधरवडा एक रुग्णाचा सोबती, एवढे प्रत्येक घराने पत्करले तरी पुष्कळ आहे. नैवेद्य देवापुढे ठेवून आपणच खातो, त्यात दोष नाही. परंतु अतिथीसाठी म्हणून राखलेली खोली आपणच कुलूप लावून ठेवावी, याला कोणत्या शास्त्राचा आधार आहे?