नांदायला पाठवण्याआधी

कुर्डुवाडी जंक्शनवर पुण्याची, सोलापूरची, मिरजेची, लातूरची अशा चारही दिशांची गाडी मिळते. माहेरी निघालेल्या किती तरी लेकी इथे गाडी बदलतात. त्या सगळ्याच सणाला निघालेल्या नसतात. मार सहन होईना म्हणून अंगावरच्या कपड्यानिशी, लेकरू कडेवर घेऊन निघालेल्याही त्यांत असतात. माहेरी त्यांचे पुढे काय होते, ते आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. दोन्हीकडची चार माणसे बसतात, जावयाची समजूत घातली जाते, "पुन्हा असं होणार नाही" असा शब्द घेतला जातो आणि आठवड्याभरात लेक परत नांदायला जाते. या बैठकीत तिला मात्र कोणी काही विचारत नाही.

2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभर पाहिले तर अत्याचार सोसलेल्या शंभरातल्या जेमतेम चौदा जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली होती, आणि तीही बहुतेकींनी माहेरच्यांकडेच. म्हणजे पोलीस आणि न्यायालय नंतर येतात. पहिला दरवाजा आई-बापाचा आणि भावाचा असतो. तोच लोटला गेला, तर पुढचा दरवाजा ठोठावायचे बळ तिच्यात कुठून उरणार?

दुसरा दरवाजा दवाखान्याचा. मनगट सुजलेली बाई केसपेपर घेऊन येते. "काय झालं?" असे तिला विचारले की सोबतची सासूच सांगते, "मोरीत पाय घसरला." पडल्याने मनगट सुजेलही, पण दंडावर बोटांचे वळ उठत नाहीत. अशा वेळी नर्सबाईंनी सोबतच्या माणसाला बाहेर बसवून तिला एकटीला विचारावे आणि ती जे सांगेल ते कागदावर नोंदवावे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्राने दोन दशकांहून अधिक काळापूर्वी हीच पद्धत रुजवली. ती आपल्या ग्रामीण रुग्णालयांत यायला एवढा उशीर का?

छळ म्हणजे फक्त मारहाण, ही समजूतही सोडली पाहिजे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, मूल होत नाही म्हणून टोमणे, मनाविरुद्ध शरीरसंबंध, स्त्रीधन अडकवून ठेवणे हे सगळे येते. 'लाडकी बहीण'चे दीड हजार तिच्या खात्यावर येतात आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असते. तिला औषधालाही पैसे मिळत नसतील, तर तो आर्थिक छळच आहे.

"नवऱ्याला जेलात घालायचं नाही, फक्त मार थांबला पाहिजे," असे पुष्कळ जणी म्हणतात. हा कायदा नेमका त्यांच्यासाठीच आहे. यात दंडाधिकारी मारहाणीला मनाई करू शकतात, तिला घराबाहेर काढू नये असे बजावू शकतात, खर्चाची रक्कम ठरवू शकतात. तो आदेश नवऱ्याने मोडला, की मग शिक्षा. शिवाय ती तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. सासर पुण्याला आणि माहेर कुर्डुवाडीजवळ असेल, तर माढ्याच्या न्यायालयात अर्ज चालतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही फुकट मिळतो, त्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. 181 आणि 112 हे दोन क्रमांक तर प्रत्येक मुलीला तोंडपाठ हवेत. शेजारच्या घरातला आरडाओरडा रोज ऐकणारेही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतात. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्यांच्यावर कायदेशीर बालंट येत नाही.

पण हा संरक्षण अधिकारी बसतो कुठे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तालुका पातळीपर्यंत असे अधिकारी नेमायला आणि कायद्याची माहिती लोकांपर्यंत पोहोचवायला सांगितले आहे. तेव्हा माढा तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव, बसण्याची जागा आणि फोन क्रमांक मराठीत, मोठ्या अक्षरांत, रेल्वे स्थानकाच्या महिला प्रतीक्षालयात, एसटी स्टँडवर, ग्रामीण रुग्णालयात आणि प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लागला पाहिजे. हा खर्च रंगाच्या एका डब्याचा आहे. जिल्हा प्रशासनाने तो याच महिन्यात करावा, आणि आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, त्या अधिकाऱ्याला कुर्डुवाडीत बसवावे. बाजाराला म्हणून घराबाहेर पडता येते, अशा बाया या तालुक्यात कमी नाहीत.